पंचनाम्यात न बसणारी माणसे

(किनारपट्टीवरील आपत्ती आणि विस्थापितांचे पुनर्वसन या विषयावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१६ ऑक्टोबर १९४२ रोजी बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्याला चक्रीवादळाने गाठले. समुद्राची लाट कांथी आणि तमलूक या भागांत शिरली. चौदा हजारांहून अधिक माणसे आणि लाखाहून अधिक गुरे तिने नेली. हा प्रदेश त्या वेळी ‘चले जाव’ चळवळीचा बालेकिल्ला होता. ब्रिटिश सरकारने वादळाची बातमी काही दिवस दाबून ठेवली. मदत पाठविण्यात झालेली दिरंगाई ही बंडखोर जिल्ह्याला अद्दल घडविण्यासाठीच होती, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. त्याच वर्षी १७ डिसेंबरला तमलूकमध्ये सतीशचंद्र सामंत यांच्या नेतृत्वाखाली ताम्रलिप्त जातीय सरकार स्थापन झाले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे हे पूर्व किनाऱ्यावरील भावंडच म्हटले पाहिजे. न्यायदान आणि संरक्षण यांच्या जोडीला वादळग्रस्तांना मदत पोचविणे हेही आपले कर्तव्य आहे, असे या सरकारने मानले. परंतु पुढच्याच वर्षी बंगालवर दुष्काळ कोसळला, आणि लाटेतून वाचलेली कित्येक माणसे भुकेने मेली.

या दुष्काळाचा अभ्यास करताना अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक गोष्ट स्पष्ट करून दाखविली. अन्न मुळात आहे की नाही, यापेक्षा ते मिळविण्याचा अधिकार कोणाजवळ उरला आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. त्या दुष्काळात सर्वाधिक भरडले गेले ते शेतमजूर आणि मच्छीमार. ज्याच्याजवळ जमीन नाही, साठा नाही, केवळ श्रम विकण्याची किंवा रोजची मासळी विकण्याची सोय आहे, त्याची ती सोय तुटली की तो एका आठवड्यात निराधार होतो. किनारपट्टीवरील आपत्तीचा विचार करताना हे सूत्र ध्यानात ठेवले पाहिजे. वारा आणि लाट निसर्गाची असते. परंतु लाट ओसरल्यावर कोण उभा राहणार आणि कोण कायमचा बसणार, याचा निकाल त्या समाजाची मालमत्ताव्यवस्था आणि जातिव्यवस्था देत असते.

२६ डिसेंबरची सकाळ

या दृष्टीने २००४ च्या त्सुनामीचा अनुभव पुन्हा तपासण्यासारखा आहे. त्या वर्षी २६ डिसेंबरला, रविवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोचावयास दोन तासांहून अधिक अवधी लागला. इतका वेळ हातात असूनही नागपट्टिनमच्या कोळीवाड्यांना कोणी सावध केले नाही. तशी यंत्रणाच हिंदी महासागरात नव्हती. हैदराबादच्या संस्थेत त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र सुरू झाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये. प्रशांत महासागराच्या काठच्या संपन्न देशांना अशी सोय कित्येक दशके उपलब्ध होती, ही गोष्ट येथे नमूद केलेली बरी.

भारतात दहा हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. आणखी पाच हजारांहून अधिक माणसे बेपत्ता राहिली, आणि ती बहुतांशी अंदमान-निकोबारची होती. तामिळनाडूतील मृतांची संख्या आठ हजारांच्या आसपास होती. त्यांपैकी सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातील. या संख्येच्या आत आणखी एक संख्या दडलेली आहे. ऑक्सफॅम या संस्थेने मार्च २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार कडलूर जिल्ह्यात मृत स्त्रियांची संख्या मृत पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होती. काही पुरुष खोल समुद्रात होते, आणि तेथे लाट जाणवतही नाही. स्त्रिया मासळी उतरवून घेण्यासाठी किनाऱ्यावर थांबल्या होत्या, किंवा घरात मुलांपाशी होत्या. पुष्कळांना पोहता येत नव्हते. म्हणजे मरणाची वाटणीसुद्धा श्रमविभागणीनुसार झाली. मासेमारी हा पुरुषांचा धंदा आहे असे सरकारी दप्तर म्हणते. त्या धंद्यातील स्त्रीचे स्थान मात्र मृतांच्या यादीने सिद्ध केले.

पंचनाम्याचे अर्थशास्त्र

आपत्तीनंतर शासनयंत्रणा प्रथम पंचनामा करते. पंचनामा म्हणजे काय, याचा विचार क्वचितच केला जातो. काय बुडाले, काय मोडले, त्याचा मालक कोण आणि त्याला पुरावा काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. प्रश्न वरकरणी निरुपद्रवी आहेत. परंतु ज्याचे काहीच बुडाले नाही, कारण बुडण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हतेच, त्याचे नाव या कागदावर येत नाही. त्याची मजुरी बुडालेली असते, आणि मजुरीला पंचनाम्यात रकाना नाही.

नागपट्टिनममध्ये हे फार ठळकपणे दिसले. मच्छीमारांच्या नौकांसाठी भरपाई जाहीर झाली. लाकडी ओंडक्यांच्या कट्टुमरमसाठी एक दर, फायबरच्या होडीसाठी दुसरा, यांत्रिक नौकेसाठी तिसरा. नौका जितकी मोठी तितकी भरपाईची रक्कम मोठी. नौकेवर हिश्श्याने किंवा मजुरीने जाणारा खलाशी या दरपत्रकात नव्हता. डोक्यावर पाटी घेऊन दहा-बारा मैलांच्या परिघात मासळी विकणारी स्त्री नव्हती. तिचे भांडवल म्हणजे पाटी, ओळखीची गिऱ्हाइके आणि व्यापाऱ्याकडील उधारी. यांपैकी एकाचीही पावती नसते.

किनाऱ्यापासून थोडे आत दलित शेतमजुरांच्या वस्त्या होत्या. खाऱ्या पाण्याने भातशेती नासली तेव्हा त्यांचा हंगामच गेला. शेताच्या मालकाला पिकाची आणि जमीन सुधारण्याची मदत मिळू शकली, कारण त्याचे नाव सातबारासारख्या दप्तरात होते. त्याच शेतात लावणी आणि कापणी करणाऱ्याचे नाव कोठेच नव्हते. याच पट्ट्यात इरुळर नावाची आदिवासी जमात खाडीत आणि कालव्यांत हातांनी कोळंबी पकडून जगते. त्यांच्याकडे नौका नव्हती, पुष्कळांकडे शिधापत्रिका नव्हती, आणि ‘मच्छीमार’ या सरकारी व्याख्येतही ते बसत नव्हते.

जातीने आपले काम येथेही केले. मदत-छावण्यांत दलितांना वेगळे बसविणे, समाईक पाण्यापासून दूर ठेवणे, छावणीतून हुसकावून लावणे असे प्रकार २००५ च्या आरंभी मानवी हक्क संघटनांनी आणि वृत्तपत्रांनी नोंदविले आहेत. प्रेते उचलण्याचे काम मात्र निरनिराळ्या नगरपालिकांतून आणलेल्या दलित सफाई कामगारांनीच केले.

मच्छीमारांची स्वतःची जुनी जातपंचायत, जिला तेथे ‘ऊर पंचायत’ म्हणतात, ती या काळात फार उपयोगी पडली. पहिल्या काही दिवसांत मदतीचे ट्रक थोपवून धरणे, मालाची यादी करणे आणि सर्वांना सारखे वाटणे हे तिने केले नसते तर झुंडशाही माजली असती. तथापि तिचा हिशेबाचा घटक म्हणजे गावाची वर्गणी भरणारा पुरुष. विधवेचा किंवा एकट्या स्त्रीचा वाटा अर्धा, किंवा मुळीच नाही, असे अनेक गावांत घडले. परंपरागत संस्थेचा गौरव करणाऱ्यांनी आणि तिला सरसकट मोडीत काढणाऱ्यांनीही ही दोन्ही अंगे एकत्र पाहिली पाहिजेत.

महाराष्ट्राने याविषयी तामिळनाडूकडे बोट दाखवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे पन्नास गावांचे स्थलांतर करण्यात आले. जागतिक बँकेच्या कर्जातून जी घरे बांधली गेली त्यांचे आकारमान कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरविले होते. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या अल्पभूधारकास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४५० आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट. भूकंपाने पाटलाचा वाडा आणि मजुराची झोपडी एका रात्रीत सारखी केली होती. शासनाने ती विषमता नव्या गावात काँक्रीटमध्ये ओतून दिली. ‘ज्याचे जितके गेले त्याला तितके’ हा न्याय ऐकावयास सरळ वाटतो. परंतु सार्वजनिक पैशाने आधीची विषमता पुन्हा उभारणे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ज्याची नौका गेली त्याला नौकेची भरपाई देऊ नये काय? अवश्य द्यावी. नौका नसेल तर खलाशालाही काम नाही, हे खरे आहे. मुद्दा क्रमाचा आणि मापाचा आहे. जगण्याचे साधन गमावणे हे नुकसान प्रथम मोजले पाहिजे, मग ते साधन नौका असो की रोजची मजुरी. त्यानंतर मालमत्तेची भरपाई, आणि तीही एका मर्यादेपर्यंत. मोठ्या मालमत्तेसाठी विमा आणि बँका आहेत. मजुरासाठी शासनाखेरीज कोणी नाही.

पैशाचा पूर

आपत्तीत मदत कमी पडते, ही सर्वसाधारण समजूत. त्सुनामीच्या बाबतीत उलट घडले. या आपत्तीसाठी जगभरातून सुमारे साडेतेरा अब्ज डॉलर जमा झाले. या मदतीचे संयुक्त मूल्यमापन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रत्येक आपद्ग्रस्तामागे ७००० डॉलरांहून अधिक रक्कम उपलब्ध होती. त्याच २००४ साली बांगलादेशातील महापुराने ग्रासलेल्या माणसाच्या वाट्याला आलेली मदत होती दरडोई ३ डॉलर. बांगलादेशाच्या पुराचे चित्रण पाश्चात्त्य दूरचित्रवाणीवर दिवसरात्र चालले नव्हते, आणि त्या पुरात युरोपीय पर्यटक सापडले नव्हते. करुणेचा प्रवाहही बाजारपेठेच्या उतारानेच वाहतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

या पैशाने पुष्कळ चांगली कामे झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. रोगाची साथ पसरली नाही, मुले शाळेत परतली, अन्नावाचून कोणी मेले नाही. परंतु पैसा ठराविक मुदतीत खर्च करून देणगीदारांना छायाचित्रे दाखविण्याची सक्ती असली की गरज आणि पुरवठा यांची फारकत होते. पहिल्या काही आठवड्यांत नागपट्टिनमच्या रस्त्यांच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग साचले. थंडीचे कोट, फाटके, वापरून टाकलेले कपडे लोकांनी हातही न लावता टाकून दिले, आणि ते उचलण्याचे काम पुन्हा नगरपालिकेवर पडले. ज्याची नौका गेली आहे असा कष्टकरी माणूस भिकारी झालेला नसतो, एवढी साधी गोष्ट दात्यांच्या ध्यानात आली नव्हती.

नौकांचे प्रकरण अधिक गंभीर होते. नौका ही देणगीदाराला दाखविण्यास उत्तम वस्तू. तिच्यावर संस्थेचे नाव रंगविता येते. परिणामी अनेक संस्थांनी फायबरच्या नौकांचा वर्षाव केला, आणि काही ठिकाणी नौकांची संख्या त्सुनामीपूर्वीच्या संख्येहून अधिक झाली. काल जो खलाशी होता तो आज मालक झाला, हे समाजवाद्याला प्रथमदर्शनी आवडण्यासारखे आहे. परंतु समुद्रातील मासळी नौकांच्या प्रमाणात वाढत नाही. नौकेमागे पकड कमी झाली, इंजिन आणि इंधन यांचा खर्च वाढला, आणि व्यापाऱ्याची उचल पुन्हा सुरू झाली. कट्टुमरमला इंधन लागत नव्हते. इंजिनाच्या नौकेला ते रोज लागते. दान म्हणून मिळालेले साधन काही हंगामांत कर्जाचे कारण ठरले. उत्पादनाच्या साधनांची मालकी श्रमिकांकडे यावी हे बरोबरच आहे. परंतु ती नियोजनावाचून, सहकारी संघटनेवाचून आणि विक्रीव्यवस्थेवाचून आली तर तिचा लाभ सावकार घेतो.

दोनशे मीटरचा न्याय

विस्थापनाचा खरा प्रश्न घरांच्या जागेतून उद्भवला. ३० मार्च २००५ रोजी तामिळनाडू शासनाने पुनर्बांधणीविषयी आदेश काढला. भरतीरेषेपासून दोनशे मीटरांच्या आत ज्यांची घरे होती त्यांनी पलीकडे जावे. जाणाऱ्यास सुमारे दीड लाख रुपये किमतीचे पक्के घर मोफत मिळेल. मात्र जुन्या जागेवरील हक्क सोडावा लागेल. ज्यांना जावयाचे नसेल त्यांच्यावर सक्ती नाही, परंतु त्यांना शासनाचे साहाय्यही नाही. बेघर झालेल्या माणसापुढे ठेवलेल्या या पर्यायाला ‘स्वेच्छा’ म्हणणे ही कायद्याची भाषा झाली.

सुरक्षिततेचा युक्तिवाद पोकळ नाही. पुन्हा लाट आली तर किनाऱ्यालगतची वस्ती प्रथम जाईल, हे उघड आहे. स्वतः भयभीत झालेल्या अनेक कुटुंबांना, विशेषतः ज्यांची मुले वाहून गेली त्या मातांना, आत जावयाचे होते. तेव्हा स्थलांतराला सरसकट विरोध करणे बरोबर ठरणार नाही. प्रश्न असा की हा नियम सर्वांना सारखा लावला गेला काय?

याच नागपट्टिनमच्या परिसरात, त्सुनामीपूर्वी दहा वर्षे, कोळंबी-संवर्धनाच्या तळ्यांविरुद्ध सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन आणि कृष्णम्माळ यांनी भूमिहीन स्त्रियांना घेऊन सत्याग्रह केला होता. भातशेती खारावते, पिण्याचे पाणी नासते, मजुरी जाते, ही त्यांची तक्रार होती. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला, आणि किनारा नियमन क्षेत्रातील अशी तळी काढून टाकण्याचा आदेश दिला. हा आदेश अंमलात आला नाही. २००५ साली, म्हणजे मच्छीमारांना दोनशे मीटर मागे हटविणाऱ्या आदेशाच्याच वर्षी, संसदेने किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा संमत केला. भरतीरेषेपासून दोनशे मीटरांच्या आत कोळंबीची तळी असू नयेत, असे त्यातही म्हटले होते. मात्र त्यास एक परंतुक जोडले होते. जी तळी आधीपासून अस्तित्वात होती त्यांना हे लागू नव्हते. आधीपासून असलेले तळे राहू शकत होते. पिढ्यान्‌पिढ्या असलेली झोपडी मात्र साहाय्य हवे असेल तर हलणे भाग होते. एकाच वर्षातील हे दोन कागद शेजारी ठेवले म्हणजे भांडवलाला आणि श्रमाला लावलेल्या दोन मापांविषयी अधिक भाष्य करण्याची आवश्यकता उरत नाही.

त्यानंतरचा प्रवास याच दिशेने झाला आहे. १९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर घातलेले दोनशे मीटरांचे बांधकामबंदीचे क्षेत्र जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत पन्नास मीटरांवर आणले. मच्छीमाराला घर बांधण्यास जागा मिळेल असे त्याचे समर्थन करण्यात आले. परंतु त्याच मोकळ्या झालेल्या जमिनीवर पर्यटनाच्या भांडवलाची नजर आहे. बोली लावण्याची ताकद कोळ्यापेक्षा हॉटेलमालकाची मोठी असते. २००५ मध्ये सुरक्षिततेसाठी दोनशे मीटर अपरिहार्य होते, तर पुढे ते पन्नास कसे झाले? समुद्र तर मागे हटलेला नाही.

आत गेलेल्यांचे काय झाले? जेथे नवे गाव जुन्या गावापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर वसले, तेथे संसार सावरला. चेन्नईच्या मच्छीमारांना मात्र शहराच्या दक्षिण टोकाला सेम्मनचेरीसारख्या वसाहतींत नेण्यात आले. तेथून समुद्र दूर, मासळीबाजार दूर, शाळा आणि दवाखाना दूर. मासेमारी पहाटे तीन वाजता सुरू होते आणि त्या वेळी बस नसते. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची कामे गेली. उत्तर चेन्नईतील एरनावूर येथील त्सुनामीग्रस्तांच्या वसाहतीतील स्त्रियांनी कर्जापायी आपली मूत्रपिंडे विकल्याचे जानेवारी २००७ मध्ये उघडकीस आले. जगातील सर्वांत उदार मदतीनंतर अवघ्या दोन वर्षांनी हे घडले. घर मिळणे आणि पुनर्वसन होणे यांत केवढे अंतर असते, हे या एका घटनेने दाखविले आहे.

काय साधले

टीकेबरोबर जमेची बाजूही मांडणे आवश्यक आहे. तामिळनाडू शासनाने नव्या घरांची नोंद पती आणि पत्नी या दोघांच्या नावे केली. कोळीवाड्यातील स्त्रीच्या नावावर प्रथमच स्थावर मालमत्ता आली. नागपट्टिनममध्ये जिल्हा प्रशासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्यात समन्वय साधणारे केंद्र पहिल्या काही दिवसांतच उभे राहिले. गावोगावची माहिती एकत्र केल्यामुळे अनेक उपेक्षित वस्त्या उशिरा का होईना, यादीत आल्या. मच्छीमारांच्या सहकारी संघांच्या दक्षिण भारतीय महासंघाने तरंगमबाडी येथे घरे बांधताना प्रत्येक कुटुंबाशी आराखड्याची चर्चा केली आणि गावातील झाडे जपली. इतरत्र काही संस्थांनी, एकसारख्या पेट्यांसारखी घरे ओळीत बसविता यावीत म्हणून, लाटेतून वाचलेली चांगली घरे आणि सावलीची झाडे पाडून टाकली होती. पैसा दोन्हीकडे होता. तरंगमबाडीत निर्णय घेणारी संघटना राहणाऱ्यांची होती, आणि इतरत्र ती देणाऱ्यांची होती.

ओडिशाचे उदाहरणही अभ्यासण्यासारखे आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. एरसमा भागात गावेच्या गावे धुऊन निघाली. त्यानंतर किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले गेले, गावपातळीवर पथके तयार झाली. ऑक्टोबर २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी सुमारे दहा लाख, आणि मे २०१९ च्या फानी वादळापूर्वी सुमारे बारा लाख माणसे हलविण्यात आली, आणि बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. गरीब राज्याचे शासनही मनावर घेतल्यास माणसे वाचवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु वाचलेल्या माणसांच्या जगण्याचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. केंद्रपाडा जिल्ह्यातील सातभाया हा गावसमूह समुद्राने हळूहळू गिळला. तेथील पाचशेहून अधिक कुटुंबांचे बागपाटिया येथे पुनर्वसन करण्यात आले. कुटुंबास दहा डेसिमल, म्हणजे सुमारे चार गुंठे, जागा आणि घरासाठी पैसे मिळाले. शेती मिळाली नाही. तरुण केरळसारख्या दूरच्या राज्यांत मजुरीला गेले. वादळाने विस्थापित झालेल्याला निदान वृत्तपत्रात जागा मिळते. वर्षाला थोडा थोडा किनारा खचत गेल्याने जो उठतो, त्याच्या आपत्तीला तारीखही नसते.

कोकणचा धडा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. राज्य शासनाने फळबागांची मदत हेक्टरी १८,००० रुपयांवरून ५०,००० रुपये केली, मर्यादा दोन हेक्टर. आकडा मोठा वाटला. परंतु कोकणातील वाडी हेक्टरांत नव्हे, गुंठ्यांत मोजली जाते. दहा गुंठ्यांच्या वाडीला या दराने पाच हजार रुपये येतात. पोफळ नव्याने लावून उत्पन्न हाती येण्यास सात-आठ वर्षे लागतात. वाडी साफ करण्याची मजुरीसुद्धा त्या रकमेत भागत नव्हती. झाडामागे मदत द्या, ही मागणी यातूनच पुढे आली. आणि सुपाऱ्या सोलणाऱ्या स्त्रिया, पाडेकरी, वाडीत शिंपण करणारे गडी यांचा प्रश्न तर मागणीपत्रकांतही अपवादानेच आला. दर ठरविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणती शेती आणि कोणता माणूस असतो, हे अशा वेळी कळते.

पुढचे काम

आपत्ती व्यवस्थापन कायदा डिसेंबर २००५ मध्ये संमत झाला. त्याच्या बाराव्या कलमात मदतीचे किमान निकष ठरविण्याचे कर्तव्य राष्ट्रीय प्राधिकरणावर टाकण्यात आले. निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांबरोबर विधवा व अनाथांसाठी विशेष तरतूद आणि उपजीविकेची साधने पुन्हा मिळवून देणे यांचाही त्यात उल्लेख होता. ३० जून २०२१ रोजी कोविडमृतांच्या कुटुंबीयांसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हे कर्तव्य ऐच्छिक नसून बंधनकारक आहे. मदत ही शासनाची कृपा नसून नागरिकाचा हक्क आहे, या भूमिकेला त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला. तो आधार वापरण्याचे काम चळवळीचे आहे.

त्यासाठी कार्यकर्त्यांपुढे चार कामे ठेवता येतील.

पहिले, यादीचे. आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात गावात जाणाऱ्या कार्यकर्त्याने शिध्याच्या पिशवीबरोबर वहीही न्यावी. तलाठ्याच्या पंचनाम्यात ज्यांची नावे आली नाहीत त्यांची घरोघर जाऊन यादी करावी. खलाशी, मासळी विकणाऱ्या स्त्रिया, शेतमजूर, भाडेकरू, परप्रांतीय मजूर, एकट्या स्त्रिया यांचा त्यात समावेश असावा. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि तिच्यावर ठराव घ्यावा. ठरावावाचून यादी ही केवळ तक्रार ठरते.

दुसरे, मजुरीचे. बुडालेल्या रोजगाराची भरपाई हा पंचनाम्याचा स्वतंत्र रकाना असला पाहिजे, ही मागणी सातत्याने लावून धरावी. महाराष्ट्राला रोजगार हमीची परंपरा आहे. १९७२ च्या दुष्काळात कष्टकऱ्यांनी धान्याइतक्याच जोराने काम मागितले, आणि त्यातून हक्क जन्मला. किनाऱ्यावर ढिगारे उपसणे, खारजमीन गोडी करणे, बांध घालणे ही कामे बाहेरच्या कंत्राटदाराला न देता आपद्ग्रस्तांना पूर्ण मजुरीवर द्यावीत.

तिसरे, जमिनीचे. कोणत्याही गावाचे स्थलांतर ग्रामसभेच्या, आणि त्यातही स्त्रियांच्या, संमतीवाचून होऊ नये. जुनी जागा सोडावी लागली तरी ती नौका ओढणे, जाळी विणणे आणि मासळी वाळविणे यांसाठी गावाचीच समाईक जमीन म्हणून राहिली पाहिजे. गाव उठले आणि मागाहून तेथे विश्रामधाम उभे राहिले, असे होता कामा नये.

चौथे, टिकून राहण्याचे. मदतकार्यात पहिला महिना गर्दी असते, सहाव्या महिन्यात कोणी नसते. किल्लारी भूकंपानंतर पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते यांनी नळदुर्ग येथे निराधार मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले आणि ते वर्षानुवर्षे चालविले. मोठमोठ्या संस्था आपली फलके गुंडाळून निघून गेल्यावरही ते काम चालू राहिले. पक्षाच्या शाखांनी एखादेच गाव घ्यावे, परंतु तेथे निदान पाच वर्षे राहावे. घरे बांधून झाल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. कर्ज, दारू, दुरुस्तीचा खर्च, विजेचे बिल, मुलीची सुटलेली शाळा. या प्रश्नांना छायाचित्र नसते, म्हणून त्यांना देणगीदारही नसतो.

समुद्राचे तापमान वाढत आहे, त्याची पातळी चढत आहे, आणि शांत समजल्या जाणाऱ्या अरबी समुद्रातही तीव्र वादळांची वारंवारता वाढली आहे. किनाऱ्यावरील गावे उठण्याचे प्रसंग यापुढे अधिक येतील. हवामान बिघडविण्यात ज्यांचा वाटा नगण्य, तेच प्रथम विस्थापित होतील. अशा वेळी निधी गोळा करणे हे काम पुष्कळजण करतील, आणि त्यांनी ते अवश्य करावे. समाजवादी कार्यकर्त्याचे वेगळे काम एवढेच की पंचनामा चालू असताना त्याने तलाठ्याच्या शेजारी उभे राहावे, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे नाव लिहून घेण्यास भाग पाडावे.